पहाऱ्यावरच्या माणसाचा तंटा

१८९४ च्या तुरुंग कायद्यातलं कलम ५४ कैद्यांसाठी लिहिलेलं नाही. ते तुरुंगात नोकरी करणाऱ्यांसाठी आहे आणि त्यातली गुन्ह्यांची यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. कर्तव्यात कसूर. नियम जाणूनबुजून मोडणं. परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची लेखी सूचना दिल्याशिवाय कामावरून निघून जाणं. रजा संपल्यावर मुद्दाम हजर न होणं. परवानगी न घेता दुसरा कामधंदा करणं. आणि सगळ्यात शेवटी, भ्याडपणा. खटला मॅजिस्ट्रेटपुढे चालायचा. शिक्षा दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे जेलर किंवा त्याच्या हाताखालचा शिपाई काम टाकून गेला, तर ज्या कोठडीवर तो काल पहारा देत होता तशाच कोठडीत त्याला बसवायची सोय सरकारने करून ठेवली होती.

या कलमात संप हा शब्द कुठेही नाही. असण्याचं कारणही नव्हतं. कामगार संघटनांचा कायदा या देशात आला तो १९२६ साली, म्हणजे पुढे बत्तीस वर्षांनी. पण चार शिपायांनी पगारासाठी एकाच सकाळी गेटवर यायचं नाकारलं, तर त्या चौघांना लागू पडेल असं कलम आधीच तयार होतं. माझ्या मते तुरुंग कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या आणि मनुष्यबळाच्या भांडणाचा आपल्याकडचा पहिला कागद हाच. भांडण कागदावर येण्याआधी त्याची शिक्षा कागदावर आली.

शेगावच्या माणसाच्या लेखी तुरुंग म्हणजे बुलढाण्याचा, नाहीतर अकोल्याचा. मोठी शिक्षा झाली तर अमरावती किंवा नागपूरचा मध्यवर्ती. या इमारतींविषयी आपल्याकडे जे वाङ्मय आहे ते बहुतेक आत बसलेल्यांनी लिहिलेलं आहे. झेंडा सत्याग्रहात विनोबा नागपूरहून अकोल्याच्या तुरुंगात आले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्या पुस्तकात दारावरच्या शिपायाची पाळी किती तासांची होती हे शोधणं हा वेडेपणा. ते मिळेल फक्त सरकारी कागदांत, आणि तिथेही सरळ नाही. म्हणून ते कागद क्रमाने लावून पाहू.

त्याच १८९४ च्या कायद्यात जेलरने तुरुंगाच्या आवारात राहावं असं म्हटलं आहे. अधीक्षकाची लेखी परवानगी असल्याखेरीज त्याने एक रात्रही बाहेर काढायची नाही. टाळता येण्यासारखं नसेल तर लगेच कारण कळवायचं. हाताखालच्या माणसांनीही परवानगीशिवाय गैरहजर राहायचं नाही. कामाचे तास मात्र कुठेच दिलेले नाहीत. चोवीस तास हजर राहणं हेच काम मानलं, की तास मोजायची गरज उरत नाही.

मग माणसं कमी पडायची ती कशी भरून निघायची? उत्तर कलम २३ मध्ये आहे. ज्या कैद्यांना तुरुंगाचे अधिकारी म्हणून नेमलं असेल, त्यांना भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक समजावं असं ते सांगतं. तुरुंगाच्या बोलीत हेच वॉर्डर. जुने, नियमाने वागणारे कैदी रात्रीच्या पहाऱ्यावर लागायचे, मग इतर कैद्यांवर देखरेख करायचे, आणि त्यातले निवडक वॉर्डर व्हायचे. शेगावच्या मंदिरात हजारो सेवाधारी पगाराविना पाळ्या करतात आणि त्यावर संस्थानाचा मोठा डोलारा चालतो, पण ते येतात स्वतःच्या इच्छेने आणि पाळी संपली की आपल्या गावी जातात. तुरुंगातल्या बिनपगारी पाळीचा माणूस न्यायालयाने पाठवलेला असायचा. पगारी शिपायाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच होता, की त्याची मागणी वाढली तर त्याच्या जागी फुकटचा माणूस आतच हजर होता.

ही पद्धत घातक आहे हे सरकारच्याच समितीने नोंदवलं. सर अलेक्झांडर कार्डयू यांच्या अध्यक्षतेखालची भारतीय तुरुंग समिती १९१९-२० मध्ये बसली. तिचे सदस्य इंग्लंड, अमेरिका, जपान, फिलिपिन्स असे फिरून आले. कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचं उद्दिष्ट आहे असं अधिकृतपणे मांडणारा आपल्याकडचा हा पहिला मोठा अहवाल, म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं. त्याच अहवालात कैदी वॉर्डरांवर भिस्त ठेवण्यावर टीका आहे आणि प्रशिक्षित, नीट पगार मिळणारा नोकरवर्ग हवा असा आग्रह आहे. एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिपायाला चांगला पगार का द्यावा, तर कैदी सुधारावा म्हणून. शिपायाचं पोट हे त्या युक्तिवादात साधन आहे.

त्याच १९१९ साली इंग्लंडमध्ये पोलीस आणि तुरुंग अधिकारी यांची एकत्र संघटना संपावर गेली. आदल्या वर्षी लंडनच्या पोलिसांनी संप करून पगारवाढ मिळवली होती. दुसऱ्या खेपेला सरकार तयारीत होतं. लंडन आणि लिव्हरपूलचे पोलीस बाहेर पडले, त्यांच्यासोबत वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगातलेही काही जण निघाले. सगळ्यांना काढून टाकलं आणि परत कुणालाही घेतलं नाही. त्या वर्षीच्या पोलीस कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जायला बंदी केली. मात्र इंग्लंडच्या तुरुंग कर्मचाऱ्यांनी १९३९ साली आपली वेगळी संघटना उभी केली आणि ती आजही पगारावर आणि माणसांच्या संख्येवर सरकारशी भांडते. १९९४ च्या कायद्याने त्यांनाही कामबंदीला चिथावणी देण्याची मनाई झाली, तरी ऑगस्ट २००७ मध्ये ते एक दिवस बाहेर पडलेच. तिथे तंट्याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंची नावं कागदावर आहेत.

आपल्याकडे दुसरी बाजू तयारच झाली नाही. त्याची सुरुवात १९१९ च्या सुधारणांपासून धरता येते. तुरुंग हा विषय प्रांतांकडे गेला. राज्यघटनेतही तो सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत, चौथ्या क्रमांकावर आहे. म्हणून देशभर एक वेतनश्रेणी नाही, एकच मालक नाही. बुलढाण्याच्या तुरुंगातल्या शिपायाचंच पाहा. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता तेव्हा तो नागपूरच्या सरकारचा नोकर होता. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशचा झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्याचा. १ मे १९६० ला महाराष्ट्राचा. गेट तेच, किल्ल्यांचा जुडगा तोच, आणि वेतनाचा आदेश काढणारं सरकार दरवेळी वेगळं.

१९५६ साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ सालचा. त्यात कामगार कोण याची मूळ व्याख्या लहान होती आणि वगळलेले लोक होते फक्त लष्कर, नौदल आणि हवाई दलातले. १९५६ च्या दुरुस्तीने ही व्याख्या नव्याने लिहिली गेली आणि वगळलेल्यांच्या यादीत एक नवी ओळ आली. पोलीस सेवेत असलेला, किंवा तुरुंगाचा अधिकारी वा अन्य कर्मचारी असलेला, कामगार नाही. अन्य कर्मचारी या शब्दांत तुरुंगातला स्वयंपाकी, कारकून, कारखान्यातला निदेशक, सगळे आले. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच ओळ जशीच्या तशी उतरली आहे. तेव्हा तुरुंग कर्मचाऱ्यांनी पगारासाठी वाद घातला तरी कायद्याच्या भाषेत तो औद्योगिक विवाद होत नाही. समेट अधिकारी नाही, औद्योगिक न्यायालय नाही, टाळेबंदी-संपाची सूचना नाही. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाची व्याख्या पुष्कळ ताणून रुग्णालयांपर्यंत नेली, पण राज्याची सार्वभौम कामं तिच्याबाहेरच राहिली.

इथे एक विसंगती आहे आणि माझ्या मते या सगळ्या कागदांचं मर्म तिच्यातच आहे. राज्यसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था पहिल्या क्रमांकावर, पोलीस दुसऱ्या, तुरुंग चौथ्या. तीन वेगळे विषय. म्हणून पोलिसांसाठी निघालेली वेतनवाढ, घरं, भत्ते तुरुंग खात्याला आपोआप लागू होत नाहीत, प्रत्येक वेळी वेगळा प्रस्ताव करावा लागतो. पण औद्योगिक विवाद कायद्यात पोलीस आणि तुरुंग एकाच ओळीत. पगाराच्या वेळी तुरुंगाचा शिपाई पोलीस नसतो, संपाच्या वेळी असतो.

आणि पोलिसांच्या संघटनांचं काय झालं हे महाराष्ट्राने जवळून पाहिलेलं आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाण देशाचे गृहमंत्री झाले. डिसेंबरच्या आरंभी पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा लागू झाला. केंद्राच्या संमतीशिवाय कामगार संघटनेत जायचं नाही, असं त्यात म्हटलं. एप्रिल १९६७ मध्ये दिल्लीच्या पोलिसांनी चव्हाणांच्याच निवासस्थानासमोर निदर्शनं केली. त्यांतल्या पुष्कळांना नोकरी गमवावी लागली. दिल्ली पोलिसांच्या संघटनेने नंतर या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, तिथे कायदा टिकला.

१९७७ च्या नोव्हेंबरात धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याने फेब्रुवारी १९७९ मध्ये दिलेला पहिलाच अहवाल साध्या शिपायाच्या पगारावर, कामाच्या तासांवर आणि घरावर होता. आयोगाने वरून सुरुवात केली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पण अहवाल येईतो धीर सुटला होता. त्या वर्षी अनेक राज्यांत पोलीस रस्त्यावर आले. बोकारोला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांविरुद्ध लष्कर पाठवावं लागलं आणि गोळीबारात माणसं मेली. त्या प्रकरणात चौकशीशिवाय झालेल्या बडतर्फ्या पुढे १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवल्या. शिस्तबद्ध दलातला माणूस चौकशी न करताही काढता येतो, हे त्या निकालाने पक्कं झालं.

मुंबईचं प्रकरण १९८२ चं. त्या वर्षीच्या १८ जानेवारीपासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्या बंद होत्या. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले, पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो. महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटनेच्या मागण्या पगार, कामाचे तास आणि राहण्याच्या सोयी यांभोवतीच्या. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या नेत्यांना पकडलं. १८ ऑगस्टला मुंबईचा पोलीस संपावर गेला. त्या दिवशी जाळपोळ, लूट, रोखलेल्या लोकल, रस्त्यावर उतरलेले गिरणी कामगार, संचारबंदी, लष्कर आणि निमलष्करी दलं, हे सगळं एका शहरात एकदम झालं. नंतर बडतर्फ्या. मागण्यांची यादी कुणाच्या लक्षात राहिली नाही, जळत्या बसगाड्या राहिल्या. १९८४ साली पन्नासाव्या घटनादुरुस्तीने, अशा दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू देणाऱ्या अनुच्छेद ३३ ची व्याप्ती वाढवली. सुव्यवस्था राखणारी दलं त्यात आधीच होती, आता गुप्तवार्ता आणि त्यांच्या दळणवळण यंत्रणेतली माणसंही आली. तुरुंगाचं नाव त्यात स्वतंत्रपणे नाही.

याच काळात इतर सरकारी नोकरांचा अनुभव निराळा होता. डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी महागाई भत्त्यासाठी चौपन्न दिवसांचा संप केला. कार्यालयं ओस पडली, राज्य चालत राहिलं. तुरुंगात असं होऊ शकत नाही. सकाळी बराकी उघडायला, टोटल (बंद्यांची मोजणी) घ्यायला आणि संध्याकाळी पुन्हा बंद करायला माणूस लागतोच. तो नसेल तर पहिला फटका मालकाला बसत नाही, आत असलेल्या आजारी न्यायाधीन बंद्याला बसतो. संपबंदीची जी कारणं दिली जातात त्यांतलं हे एकच मला खरोखर वजनदार वाटतं. पण मग ज्याला संप नाही त्याच्यासाठी लवादाची वेगळी वाट असायला हवी, आणि ती मात्र कुणी बांधली नाही.

नोकरी सोडून देणं हा एक मार्ग उरतो. पोलिसातली नोकरी सोडण्याचं शेगावला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे गजानन विजय रचणारे दासगणू. ते पोलीस खात्यात होते, ते सोडून कीर्तनाकडे वळले. त्यांचं कारण पगार नव्हतं, आणि सगळ्या शिपायांना ओव्या सुचत नाहीत.

पोलीस आयोगाच्या मागोमाग १९८० मध्ये न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांची अखिल भारतीय तुरुंग सुधारणा समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९८३ चा. तुरुंग कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी आणि भत्ते पोलिसांच्या तोडीचे असावेत, आठ तासांच्या तीन पाळ्या असाव्यात, अशा शिफारशी त्यात आहेत. कार्डयू समितीपासून तोवर साठ वर्षं उलटली होती, आणि मागणी साधारण तीच होती. ती करणारेही पुन्हा न्यायाधीश आणि सचिवच होते.

मनुष्यबळाचं माप पुढे आदर्श कारागृह नियमावलीने दिलं, २०१६ साली. दर सहा बंद्यांमागे एक पहारेकरी. आकडा ऐकायला भरपूर वाटतो. सहाशे बंद्यांच्या तुरुंगात शंभर पहारेकरी. त्यांचे तीन भाग केले की पाळीला तेहतीस. त्यातून साप्ताहिक सुट्टी, अर्जित रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा करा. उरलेल्यांत गेट, मनोरे, भिंत, बराकी, मुलाकतीची खिडकी, दवाखाना आणि कारखाना. आणि हे हिशेबाचे शंभर सगळे भरलेले आहेत असं धरून.

ते भरलेले नसतात. २०१३ च्या जून महिन्यात माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. देशातल्या १३८२ तुरुंगांच्या अवस्थेविषयीचं. त्यात चार मुद्दे होते. गर्दी, बंद्यांचे अनैसर्गिक मृत्यू, कर्मचाऱ्यांची भयंकर कमतरता, आणि आहेत त्यांचं अपुरं प्रशिक्षण. न्यायालयाने पत्राचीच याचिका केली. न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने तिच्यात अनेक आदेश दिले. मे २०१८ मधल्या आदेशात रिक्त जागांचा आकडा आहे. २०१७ अखेर देशात तुरुंग खात्यांत ७७,२३० मंजूर पदं, त्यांतली २४,५८८ रिकामी. शंभरात जवळपास बत्तीस. खंडपीठाने उच्च न्यायालयांना सांगितलं की आपापल्या राज्यातल्या गर्दीचा आणि रिक्त पदांचा प्रश्न स्वतःहून हाती घ्या. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायमूर्ती अमिताव रॉय यांची समिती नेमली. दरम्यान माणसं वाढत गेली ती आतल्या बाजूला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातले बंदी ५,७३,२२० आहेत आणि क्षमतेच्या तुलनेत भरणा १३१.४ टक्के.

पदांचा हा हिशेब प्रथमच इतक्या वरच्या पातळीवर झाला, पण याचिका बंद्यांच्या जगण्याच्या हक्काची होती. बंद्याला माणसासारखं ठेवायचं तर शिपाई पुरेसे हवेत, म्हणून रिक्त पदांना न्यायालयात प्रवेश मिळाला. कार्डयूचाच युक्तिवाद, शंभर वर्षांनंतर, घटनेच्या अनुच्छेद २१ च्या वाटेने.

शिपायाच्या स्वतःच्या हातात जे आहे ते महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. १९९१ पासून राज्याच्या नोकरांचे सेवाविषयक दावे तिथे चालतात. बुलढाण्याच्या माणसाने मलकापूरला किंवा शेगावला गाडी पकडायची आणि नागपूरचं खंडपीठ गाठायचं. आधी खात्यात दाद मागून झालेली असावी लागते. अंतिम आदेशानंतर साधारण वर्षाच्या आत अर्ज व्हावा लागतो. कारण समान असेल तर अनेकांना मिळून अर्ज करता येतो, पण त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. तिथे तो सांगू शकतो की माझी वेतनश्रेणी चुकली, माझी ज्येष्ठता डावलली, माझी वेतनवाढ नाहक रोखली. थकबाकी मागू शकतो आणि ती मिळतेही. माझ्या पाळीत सात माणसं हवी होती आणि आम्ही चौघं होतो, तेव्हा उरलेली तीन पदं भरायला शासनाला सांगा, अशी विनंती तिथे टिकणं अवघड. पद कधी भरायचं हा शासनाच्या धोरणाचा भाग मानला जातो, आणि रिकाम्या पदाने अर्जदाराचा वैयक्तिक हक्क हिरावला असं दाखवता येत नाही. पगार हा त्याचा दावा होऊ शकतो. शेजारच्या मनोऱ्यावर माणूस नाही, ही तक्रार न्यायालयात पोचते ती खाली बराकीत झोपलेल्या बंद्याच्या नावाने.